ताट घेऊन बसलेली बाई

बाई ताट घेऊन बसली की आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागायचो.

रागवणं तिला येतच नव्हतं. पोरांनी ग्लास फोडू दे, कंदिलाची काच फोडू दे, न्हाईतर एकमेकींच्या वेण्या कापू दे, हे कोणी केलं असं ती विचारायचीच न्हाई. जेवणाची वेळ झाली की आपलं ताट वाढून घ्यायची आणि त्या फुटलेल्या वस्तूशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायची. ताट समोर, हात मांडीवर. खायची न्हाई, बोलायची न्हाई. बाकीची पोरं जेवून राह्यली, मी वाढून राह्यले, आणि ही बया तिकडं फुटक्या ग्लासाला सोबत करत बसलेली. ज्यानं केलं त्यानं येऊन आपल्या तोंडानं सांगितलं, की ती भाकरी मोडायची, अर्धी त्याच्या हातात द्यायची, अर्धी आपण खायची. झालं. पुन्हा त्या गोष्टीचा उल्लेख न्हाई. पण सांगेपर्यंत उपाशी. एकदा तर एका मोडक्या बादलीपायी दीड दिवस बसली. मी वैतागून म्हणले, "बाई, बादली मीच मोडली असं समजा आन् जेवा एकदाचं." तर म्हणते कशी, "समजा न्हाई काकू. मोडली का न्हाई मोडली?" मी मोडली नव्हती. मंग काय, बसली तशीच.

तिच्या ह्या बसण्यापुढं माझी दोनदा परीक्षा झाली. एकदा मी बोलले, एकदा न्हाई बोलले. ते सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलंय. बाकी तिचं कौतुक करणारे पुष्कळ होते, त्यांनी करावं.

अंबडहून कुंभार पिंपळगावकडं जाणाऱ्या एस.टी.तून मधेच उतरलं की अर्ध्या तासाच्या चालीवर आमचं गाव. गावाबाहेर एका संस्थेनं पत्र्याच्या सहा खोल्या बांधून पोरांसाठी घर काढलं होतं. ज्यांना कोणी न्हाई, किंवा असून नसल्यासारखं, अशी अकरा लेकरं. नवऱ्यानं टाकल्यावर मी तिथं स्वयंपाकाला लागले. वय पंचवीस, शिक्षण दहावी नापास, आणि तोंड असं फटकळ की गावातल्या बाया माझ्याशी भांडायच्या आधी पदर खोचून घ्यायच्या. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. संस्थेचा माणूस येऊन म्हणाला, पोरांची आई म्हणून राहायला परदेशातून एक बाई येणार आहे, फुकट, एका वर्षासाठी. मला हसूच आलं. आई होऊन राहायला कोणी वर्षाच्या बोलीनं येतं का?

आली ती डेन्मार्कहून. शाळेतल्या गुरुजींनी पोरांना नकाशात दाखवला. बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली झाकला गेला. बाई चाळिशीची, आणि उंच एवढी की स्वयंपाकघराच्या चौकटीला पहिल्याच दिवशी कपाळ आपटून घेतलं. पुढं सोळा वर्षं रोज एकदा तरी आपटत राह्यली. आपल्याला आई म्हणू द्यायची न्हाई. "ह्या पोरांना आई हाये. मेली तरी हाये," म्हणायची. मंग पोरं मावशी म्हणायला लागली, गाव गोरी बाई म्हणायचं, मी नुसतं बाई. आणि ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असून पोरांचं ऐकून मलाच काकू म्हणायची, आणि पोरांसारखंच अगं-तुगं करायची. मराठी ती आमच्याकडूनच शिकली. जालन्याहून कोणी बडा साहेब आला आणि इंग्रजीत बोलायला लागला, की ही म्हणायची, "बसा ना भाऊ, मी जरा पिठल्याला फोडणी देऊन राह्यले." साहेबाचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं.

दुसरं खूळ दातांचं. आपल्याकडं लेकराचा दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून घराच्या माळवदावर फेकतात, म्हणजे नवा दात चांगला येतो. आमच्या घराला माळवद कुठलं, पत्रेच. पोरं पत्र्यावर फेकायची, टण्ण आवाज व्हायचा. बाईनं हे पाहिलं आणि तिला कोण आनंद झाला! फेकू द्यायची, टाळ्या वाजवायची, आणि पोरं शाळेत गेली की शिडी लावून वर चढायची. ती गोळी हुडकायची, दात धुवायचा, रिकाम्या काडीपेटीत कापूस घालून त्यावर ठेवायचा, वर पोराचं नाव आणि तारीख लिहायची. तिच्याकडं म्हणे आया लेकरांचे दात जपून ठेवतात. अशा सगळ्या काडीपेट्या बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या. उन्हाळ्यात पत्रे तापून लाल झालेले, ही तोंडानं त्याहून लाल होऊन वर रांगून राह्यली, आणि खाली शिडी धरून मी शिव्या घालून राह्यले.

"बाई, पडलात तर तुमच्या देशात मी कोणाला कळवू?"

"कळवू नको. इथंच पुर."

"आन् त्या दाताचं करणार काय, लोणचं?"

तेव्हा ती शिडीच्या मधल्या पायरीवर थांबली. "ह्या पोरांचं लहानपणीचं कोणी काय ठेवलं, काकू? फोटो न्हाई, झबलं न्हाई. दात तरी राहू दे." मी शिडी नीट धरली. माझंही माझ्या आईनं काही ठेवलेलं नव्हतं.

चंदा आणि मैना आल्या त्या एकमेकीचा हात धरूनच. आई-बाप हगवणीच्या साथीत एकाच आठवड्यात गेलेले. चुलत्यानं आणून सोडल्या आणि पाणीसुद्धा न पिता उलट पावली गेला. चंदा सातेक वर्षांची, मैना फार तर चार. शाळेत नाव घालायला मीच दोघींना घेऊन गेले. चंदा मैनाचा हात सोडीना. मैनाला घरी ठेवली तर चंदा शाळेत बसणार न्हाई, हे मला साफ दिसत होतं. हेडमास्तर म्हणाले, पहिलीला सहा पुरी लागतात. माझ्या तोंडाला काय कुलूप? पटकन म्हणले, "जुळ्या हायेत गुरुजी. ही अंगानं बारीक राह्यली, दूध एकीलाच पुरलं."

हेडमास्तरांनी चष्म्यावरून मैनाकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. "जुळ्या?"

"जुळ्याच."

त्यांनी दोघींपुढं एकच साल आणि एकच तारीख लिहिली, एक जून. एक जून तर गावातल्या निम्म्या पोरांपुढं लिहिलेली होती. खरी तारीख कोणाला ठाऊक असायची? घरी येऊन बाईला म्हणले, काम झालं. कसं झालं ते सांगितलं न्हाई. एवढ्याशा गोष्टीसाठी ती ताट घेऊन बसली असती. मैना पहिलीत तीन वर्षं बसली. हेडमास्तर म्हणायचे पोर मंद आहे. पोर मंद नव्हती, लहान होती, आणि ती पहिलीत कशी बसली, हे फक्त मला ठाऊक होतं.

चंदा चौदाची झाली त्या वर्षी चुलता उगवला. धुतलेलं धोतर, हातात चिवड्याची पुडी. म्हणाला, "देवीची जत्रा हाये. चंदीला आठ दिस नेतो. घरची थोरली पोर, पूजा तिच्या हातनं व्हायला पाह्यजे." मैना तेव्हा तापानं फणफणून आत निजलेली. बाईनं माझ्याकडं पाहिलं. न्हाई म्हणायला तिचे ओठ हललेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण मला वाटलं, रक्ताचं माणूस आहे, अडवलं तर गाव म्हणेल गोऱ्या बाईनं पोरी दाबून ठेवल्या. मी म्हणले, "पाठवा बाई. चुलता हाये तो. आपल्यात असं अडवत न्हाईत." बाईनं चंदाच्या दोन वेण्या घातल्या आणि फाटकापर्यंत सोडायला गेली.

आठ दिवसांनी चंदा आली न्हाई. पंधरा दिवसांनी बाई चुलत्याच्या गावाला गेली, तर चंदाच्या गळ्यात मंगळसूत्र. चुलता म्हणाला, "चांगलं ठिकाण चालून आलं, उडवून टाकला बार." बाईनं ज्याला-त्याला भेटून पाहिलं. जो तो म्हणाला, झालेलं लग्न आता कशाला मोडता, पोरीचंच वाटोळं होईल. दोन वर्षांनी बाळंतपणात चंदा गेली. पोरगी जगली. आम्हाला कळलं ते महिन्यानं, बाजारात, भाजीवालीच्या तोंडून.

त्या दिवशी बाई ताट घेऊन फाटकाशी जाऊन बसली, जिथून चंदा गेल्ती तिथं. तीन दिवस बसली. पोरं रडकुंडीला आली. बिचारी नसलेले गुन्हे कबूल करायला लागली, कोणी म्हणे मी लिंबं चोरली, कोणी म्हणे मी रंगाची पेटी लपवली. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तशीच बसायची. मला माहीत होतं मी उठून काय सांगायला पाह्यजे. पण मी चुलीपुढून उठले न्हाई. मनाशी म्हणले, मी पाठवा म्हणले तेव्हा ही समोरच होती, हिला वेगळं काय सांगायचं? चौथ्या दिवशी ती उठली, वाळलेली भाकरी कुत्र्याला घातली आणि पोरांचे कपडे धुवायला बसली. ती बहुतेक स्वतःसाठीच बसली होती, असं मला आता वाटतं. मैनानं मला एकदा विचारलं, "काकू, ताईला कोणी जाऊ दिलं?" मी म्हणले, "चुलता घेऊन गेला." एवढंच म्हणले.

पुढं दोन वर्षांनी चुलता परत आला. मैना पंधराची होती, दहावीत होती. ह्या वेळी संगं गावातली दोन माणसं, चंदाचा नवरा, आणि त्याच्या कडेवर चंदाची दोन वर्षांची पोरगी. चुलत्यानं खिशातून कागद काढला. मैनाच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल.

"बहिणीच्या जागी बहीण," तो म्हणाला. "ह्या लेकराला सावत्र आणण्यापरीस सख्खी मावशी बरी. आन् पोर अठरा वर्साची झाली. आता कोणाला अडवता येत न्हाई."

बाई देवनागरी बोट ठेवून वाचायची. तिनं तारखेवर बोट ठेवलं आणि उचललंच न्हाई. "हे खोटं हाये. हे साल चंदाचं हाये. मैना पंधराची हाये."

"कशावरून?"

"मी वाढिवली तिला."

"तुमी वाढिवली म्हणून सरकारी कागुद खोटा व्हतो व्हय?" चुलता हसला, आणि मंग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, मला सारं ठावं हाये. तुमी लेकरांचे दात गोळा करता, पेट्यात घालून करणी करता. त्यानंच माही चंदी मेली. पोर न्हाई सोडली तर अर्ज करतो, सारं गाव सह्या करील. मंग बघू तुमचा व्हिसा कसा व्हतो."

माझ्या हातातलं पीठ हातातच वाळलं. व्हिसा दर वर्षी नवा करावा लागायचा, आणि असल्या अर्जाची एक ओळ त्याला पुरली असती. बाई गेली की बाकीच्या लेकरांचं घर बंद. मैना दाराआड उभी राहून सगळं ऐकून राह्यली होती. ती माणसं गेल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, मला पाठवणार का गं?" मी तिच्यावरच खेकसले, "जा, पुस्तक घेऊन बस."

दुसऱ्या दिवशी बाई अंबडला जाऊन अर्ज देऊन आली. आठवड्यानं दोन्ही बाजूंनी यावं, असं तहसीलदार साहेबांनी सांगितलं. बाई घरी नव्हती तेव्हाच मी तो बिस्किटांचा डबा उचलला. गावातल्या चार जणांनी तो नुसता पाहिला असता, तरी बाईची धडगत नव्हती. करणीच्या संशयावरून एका म्हातारीला झाडाला बांधून मारलेलं मी लहानपणी पाहिलेलं आहे. जाळायचं ठरवून चुलीपुढं बसले. पहिली काडीपेटी उघडली, तर आत तांदळाच्या दाण्याएवढा दात, आणि वर बाईच्या वाकड्या अक्षरात नाव. हात धजला न्हाई. मंग डबा ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबून टाकला. खरं सांगायचं तर मला नुसती बाईचीच भीती नव्हती. डब्यात चंदाचा दात होता, मैनाचाही होता, तारखांसकट. डबा उघडला की जुळ्यांचं खोटं उघडं पडणार, आणि सरकारी कागदात खोटं लिहिवलं तर जेल होते, असं मी ऐकून होते.

बाई आल्या-आल्या फडताळाकडं गेली. "काकू, डबा पाह्यला का?"

"न्हाई."

"दातावरून वय कळतं, काकू. तारखा हायेत."

"पोरांनी कुठं नेला असंल," मी म्हणले.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा विचारलं न्हाई. तो आठवडा असा गेला. दूधवाल्यानं दूध बंद केलं. फाटकासमोरच्या पुलावर दिवसभर दोघं-तिघं बसून राहायचे आणि आत बघत बिड्या ओढायचे. कोणीतरी आमच्या फाटकाला बिब्बे बांधून गेलं. मैना मोरीपर्यंतसुद्धा एकटी जाईना. एका दुपारी पत्र्यावर टण्ण आवाज झाला. धाकटी पोरं हसत बाहेर धावली, दात कोणाचा पडला म्हणून. दगड होता. मागोमाग दुसरा आला.

सातव्या दिवशी, उद्या अंबडला जायचं म्हणताना, संध्याकाळी बाईनं आपलं ताट वाढून घेतलं. फाटकाकडं जाईल असं मला वाटलं. ती स्वयंपाकघरातच आली, चौकटीला कपाळ आपटलं, आणि ज्वारीच्या कणगीला पाठ लावून खाली बसली. ताट समोर. हात मांडीवर.

मी भाकरी थापत होते. माझी भाकरी कधी तुटत न्हाई, ती तुटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा तुटली. तव्यावरची करपून धूर निघाला. मैना दारात येऊन उभी राह्यली, बाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिला कळलं की आज ताट माझ्यासाठी आहे. पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला. तिचं तसलं तोंड मला बघवेना.

"मीच लिहिवलं," मी म्हणले. परातीकडं बघतच म्हणले. "जुळ्या हायेत म्हणून मीच सांगितलं हेडमास्तरला. चंदा हात सोडीना, म्हणून. आन् डबा तुमच्या पाठीमागं हाये, ज्वारीत. मीच दडविला."

बाईनं भाकरी मोडली. अर्धी माझ्या पिठाच्या हातात ठेवली. "खा. उद्या जल्दी उठायचंय."

"बाई, डबा तिथं नेला तर ते करणीचं..."

"नेला तर मला हाकलतील. न्हाई नेला तर मैनाला नेतील." ती घास घेत म्हणाली. "ह्याच्यात इचार काय करायचा?"

सकाळच्या एस.टी.त बाई डबा मांडीवर घेऊन बसली, मधे मैना, खिडकीशी मी. डब्यात काडीपेट्या वाजत होत्या आणि मागच्या बाकावरच्या बाया कुजबुजत होत्या. कचेरीत चुलता आधीच येऊन बसलेला, संगं दहा-बारा माणसं. साहेबांनी दाखला आणि शाळेच्या रजिस्टरची नक्कल वाचली आणि म्हणाले, "यात तर दोघी जुळ्या आहेत. म्हणजे ही मुलगी अठराची होते. बाई, तुमच्याकडे काय पुरावा आहे?"

बाईनं डब्याचं झाकण काढलं. माणसं सरकन मागं सरली. चंदाच्या नवऱ्यानं पोरीचं तोंड आपल्या छातीशी झाकून घेतलं. "बघा साहेब, बघा!" चुलता ओरडला. "हेच ते! ह्यानंच मारली माही चंदी!" बाईनं शांतपणे दोन काडीपेट्या वेचून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि हात मागं घेतले. एक शब्द बोलली न्हाई. साहेब म्हणाले, हे काय आहे? तरी न्हाई. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं. मला तिचा असा राग आला! दोन वाक्यात तिला सांगता आलं असतं. पण ते माझं होतं, आणि ते ती तोंडातून काढणार नव्हती.

मी पुढं झाले. तोंड सुटलं की माझं कधी थांबलेलं न्हाई. "साहेब, जुळ्या म्हणून मी सांगितलं. ह्या बाईला बिलकुल ठाऊक नव्हतं. ही पेटी चंदाच्या पहिल्या दाताची, ही मैनाच्या. तारखा वाचा. तीन वर्षांचं अंतर हाये. जुळ्यांचे दात असे पडतात का? आन् करणीचं म्हणत असतील, तर करणी करणारी बाई दातावर नाव-गाव, तारीख घालून कापसात ठेवती का? आमच्या आयांनी आमचे दात फेकले साहेब, पुन्हा पाह्यले न्हाईत. हिनं तापल्या पत्र्यावर चढून ह्यांचे वेचलेत. ज्यानं चौदा वर्षांच्या पोरीला जत्रा म्हणून नेली आन् बोहल्यावर उभी केली, त्याला विचारा चंदा कशानं मेली."

साहेबांनी दोन्ही पेट्यांवरच्या तारखा दोनदा वाचल्या, मंग मैनाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी तिच्या दाढा पाहिल्या, मनगटाचा फोटो काढला आणि लिहून दिलं की वय सोळाच्या वर न्हाई. साहेब म्हणाले, अठरा पुरी होईपर्यंत मुलगी आहे तिथंच राहील. मंग माझ्याकडं वळले. "आणि तुमचं काय करायचं?"

"काय असंल ते करा."

"आधी दुरुस्तीचा अर्ज करा," ते म्हणाले, आणि कागद माझ्यापुढं सरकवला. अक्षर माझं इतकं वाकडं आलं की बाईचं त्यापेक्षा बरं.

चुलता पाय आपटत निघून गेला. चंदाचा नवरा मात्र तिथंच घुटमळला. पोरगा जेमतेम चोवीस-पंचवीसचा. टेबलापाशी येऊन त्यानं बाईला विचारलं, "हा चंदाचा हाये? हातात घेऊ?" बाईनं पेटी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं तो दात लेकराला दाखवला. लेकरू तो तोंडात घालायला निघालं, तेव्हा आम्ही सगळेच ओरडलो. पुढच्या वर्षी तो लेकराला घेऊन आमच्या फाटकाशी आला. घरी बघायला कोणी न्हाई, ठेवून घ्या म्हणाला. बाईनं ठेवून घेतलं.

चुलत्याचा अर्ज गेलाच. चौकश्या झाल्या, बाईला खेपा घालाव्या लागल्या, पण ती टिकली. पाच-सहा वर्षांनी, सगळी सोळा वर्षं भरल्यावर, गुडघे कामातून गेले तेव्हाच परत निघाली. चंदाच्या पोरीचा पहिला दात पडला तेव्हा बाईला शिडी चढवेना, तो मी चढून आणला. ती खालून मला शिव्या घालत होती, माझ्याच शिकवलेल्या.

जायच्या दिवशी मी विचारलं, "कणगीतला डबा कसा कळला हो तुम्हाला?"

"तू ज्वारी हातानं काढायचीस. त्या आठवड्यात वाटीनं वरून-वरून काढून राह्यली होतीस."

"म्हणजे पहिल्याच दिवशी! मंग सात दिवस काय बघत बसलात? पोरगी हातची गेली असती!"

"डबा मला घेता आला असता, काकू. पण साल कोणी लिहिवलं, ते त्याच्यात नव्हतं." मंग म्हणाली, "मला पण भीती वाटली. आणखी एक दिवस न्हाई थांबले असते." बिस्किटांचा डबा ती माझ्याकडंच ठेवून गेली.

तिच्या पुतण्याचं पत्र आलं त्याला आता चार वर्षं झाली. मैना तेव्हा भोकरदनला शिक्षिका होती. मी निरोप धाडला, ती दुपारच्या गाडीनं आली आणि तिनंच मला ते इंग्रजीतलं पत्र वाचून दाखवलं. बाई झोपेत गेली. त्रास झाला न्हाई, असं त्यानं लिहिलं होतं. मैना रडली. मी न्हाई रडले. मी भाकऱ्या केल्या, माझं ताट वाढून घेतलं आणि फाटकाशी जाऊन बसले.

मैना मागोमाग आली. "काकू, चल ना, आत जेवू." मी हलले न्हाई. ती थोडा वेळ उभी राह्यली, मंग माझ्यासमोर खाली बसली. ताटाकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं.

"काय केलंस?" तिनं हळू विचारलं.

"चंदाला पाठवा, असं मी म्हणले. बाई न्हाई म्हणणार होती. तू तापात होतीस, तुला ठाऊक न्हाई. बाईनं तुला कधी सांगितलं न्हाई. मी म्हणले, म्हणून ती गेली."

मैना उठली. फाटकाला धरून रस्त्याकडं तोंड करून उभी राह्यली. एक एस.टी. गेली, तिची धूळ खाली बसली, तरी ती वळली न्हाई. फाटकाजवळच्या शेवग्यावरची चिमणी उतरून माझ्या ताटाशी आली, मी तिला हाकललं न्हाई. मला वाटलं, ही आता पिशवी उचलेल आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढणार न्हाई, आणि तिनं तसं केलं असतं तर मी तिला एका शब्दानं बोलले नसते.

मंग ती परत आली आणि बसली. तिनं भाकरी उचलून मोडली. दोन्ही तुकडे हातात धरून बराच वेळ बसली, डोळे खाली घालून. शेवटी एक तुकडा माझ्यापुढं केला.

"खा," म्हणाली.

भाकरी गार होऊन वातड झाली होती. आम्ही दोघींनी ती तशीच खाल्ली.